वैशाखातले माळवद : सोलापूरच्या घरांतील मुलींचा उन्हाळा

चैत्र आणि वैशाख हे पंचांगातील वसंताचे महिने असले, तरी पर्जन्यछायेत वसलेल्या सोलापुरात वसंताचे अस्तित्व कडुनिंबाच्या मोहोरापुरते आणि पहाटेच्या दोन-चार गार घटकांपुरते उरते. पाडव्यानंतर थोड्याच दिवसांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, हवेतील ओल नाहीशी होते आणि मृगाच्या पावसापर्यंत सारे शहर दुपारी दारे ओढून घेते. या कोरड्या दोन महिन्यांनी इथल्या घरांना एक ठरावीक रीत लावून दिली होती, आणि तिचा मोठा भाग घरातील लहान मुलींच्या हातांनी पार पडत असे. गिरण्यांचा, संपांचा आणि १९३०च्या मार्शल लॉचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलीचा उन्हाळा मात्र त्यात क्वचितच भेटतो. वास्तविक या शहराच्या अर्थकारणाचा एक धागा तिच्या बोटांमधून जात होता.

सोलापूर हे मराठी, तेलुगू आणि कन्नड या तीन भाषांचे आणि त्यांच्या जोडीला दखनी उर्दूचे शहर आहे, आणि त्याच्या या रूपाला कापडाच्या धंद्याने आकार दिला. १८७७मध्ये ‘जुनी गिरणी’ या नावाने पुढे ओळखली गेलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली, त्या वेळी जिल्हा १८७६–७८च्या भीषण दुष्काळात होरपळत होता. त्यानंतर नरसिंगगिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या. गिरण्यांच्या बरोबरीने हातमागाचा धंदाही वाढला. निजामाच्या राज्यातील तेलंगण भागातून दुष्काळ आणि बेकारी यांमुळे आलेली पद्मशाली कुटुंबे शहराच्या पूर्व भागात वसली आणि त्यांनी लुगडी विणण्याचा धंदा सोलापुरात पक्का रुजवला.

हातमागाच्या घरात हवेतील कोरडेपणाला दुहेरी अर्थ होता. कोरड्या हवेत सुती धागा ठिसूळ होतो आणि मागावर वारंवार तुटतो. जमिनीत खड्डा खणून त्यात पाय सोडून बसण्याचा खड्डामाग पसंत केला जाई, त्यामागे जमिनीची ओल धाग्याला मिळावी हे एक कारण होते. पण ताण्याला, म्हणजे मागावर उभ्या लावायच्या धाग्यांना, खळ देण्यासाठी हीच कोरडी हवा लागे. गल्लीत किंवा मोकळ्या जागेत ताणा लांबच लांब ताणून धरायचा, कुंच्याने पिठाची खळ चढवायची आणि धागे एकमेकांना चिकटण्याआधी ती वाळवायची, हे काम पावसाळ्यात अडखळत चाले आणि चैत्रात झपाट्याने उरके. त्यातच ही लग्नसराई. रब्बीचा जोंधळा फाल्गुनापर्यंत खळ्यावरून घरात आलेला, शेतकऱ्याच्या हाती थोडा पैसा आणि पुष्कळसा वेळ आलेला, आणि पंचांगात मुहूर्त लागोपाठ असलेले. त्यामुळे लुगड्यांची मागणी याच दिवसांत सर्वांत जास्त असे. म्हणजे ज्या काळात मुलांच्या शाळा सुटत, त्याच काळात मागवाल्या घराला घरातल्या प्रत्येक हाताची गरज सर्वाधिक भासे.

मुलीच्या वाट्याला येणारे काम कांड्या भरण्याचे. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची छोटी नळी. धोटा ताण्यातून इकडून तिकडे धावतो, तेव्हा तिच्यावरचा धागा सुटत जाऊन आडवा बाणा घातला जातो. लडीतले सूत रहाट फिरवून या कांडीवर चढवायचे असते. एका हाताने रहाट आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत धागा, असे हे काम दिसायला सोपे असले, तरी धागा सैल धरला तर कांडी फुगते आणि धोट्यात अडकते, व घट्ट धरला तर तुटतो. विणणाऱ्याचा हात थांबू द्यायचा नाही, हा या कामाचा एकमेव नियम होता. त्यामुळे बापाच्या किंवा भावाच्या वेगावर मुलीचा वेग ठरे. १८८४मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या सोलापूर खंडात विणकर जातींच्या वर्णनात बायका-मुलांच्या मदतीचा उल्लेख येतो आणि तिथेच संपतो. पुढे ना. म. जोशी यांचा दख्खनमधील शहरी हस्तव्यवसायांवरील १९३६चा ग्रंथ आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले संस्थेने केलेली सोलापूरची पाहणी यांनी या धंद्याचा हिशेब बारकाईने मांडला. तरीही घरातल्या मुलीच्या श्रमाला मजुरी नसल्यामुळे तो श्रम घराच्या मिळकतीत विरघळून गेलेलाच राहिला.

कायद्याची दृष्टीही उंबरठ्याशी थांबत असे. १८८१च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना गिरणीत कामाला लावण्यास मनाई केली, १८९१मध्ये ही मर्यादा नऊ आणि १९२२मध्ये बारा वर्षांवर गेली. पण हे सारे गिरणीच्या फाटकाच्या आतले नियम होते. फाटकाबाहेर, साखर पेठेतल्या किंवा जोडभावी पेठेतल्या घरात रहाटाशी बसलेल्या मुलीचे वय विचारणारे कोणी नव्हते. याचा दोष एकट्या आईबापांवर टाकणे अन्यायाचे ठरेल, कारण लुगडे वेळेवर न उतरल्यास सावकाराने किंवा कारखानदाराने उचल दिलेल्या सुताची बाकी वाढत जाई आणि तिचा भार त्याच मुलीच्या ताटावर पडे.

या श्रमाच्या शेजारीच उन्हाळ्याचे दुसरे काम होते. त्याला सोलापुरात काम म्हणण्याची पद्धत नव्हती, आणि जवळजवळ सर्व जातींच्या घरांत ते चाले. इथले जुने घर माळवदाचे असे. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छत. हे छत खालच्या खोलीला ऊन लागू देत नाही आणि स्वतः मात्र दिवसभर तापून निघते. पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यावा लागे. पण त्याआधीचे दोन महिने माळवद हे बायकांचे आणि मुलींचे कार्यक्षेत्र होते. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि पाणी रोज बदलायचे. ते पाट्यावर वाटून, पिळून, चोथा वेगळा काढून पांढरे सत्त्व रात्रभर निवळू द्यायचे. पहाटे वरचे पाणी ओतून तो चीक मीठ घालून शिजवायचा आणि उन्हे चढण्याआधी सोऱ्यातून जुन्या धुवट लुगड्यावर गोल गोल घालायचा. शिजत्या चिकाच्या पातेल्यात लाकडी दांडा फिरवणे थोरल्या मुलीकडे आणि माळवदावर लुगडे अंथरून त्याच्या चार कोपऱ्यांवर दगड ठेवणे धाकटीकडे असे. सोऱ्यात घालण्यापूर्वी वाटीभर गरम चीक दूध-साखर किंवा तेल घालून मुलींच्या हाती येई. त्या चिकाची चव ज्या पिढ्यांनी घेतली, त्यांच्या बोलण्यात उन्हाळ्याची आठवण आजही त्या वाटीपासून सुरू होते.

त्यानंतरचे काम राखणीचे. कावळे आणि चिमण्या यांच्यापासून कुरडया, सांडगे आणि पापड सांभाळायचे, दुपारी ते उलटायचे आणि वळवाचे ढग दिसताच सगळे गोळा करून खाली आणायचे, ही जबाबदारी दोन-तीन मुलींच्या गटावर सोपवली जाई. एकमेकींना लागून असलेल्या माळवदांवर शेजारच्या घरांतल्या मुलीही याच कामाला बसलेल्या असत, आणि भिंतीच्या किंवा कडुनिंबाच्या सावलीच्या पट्ट्यात सागरगोटे, भातुकली आणि बाहुला-बाहुलीचे लग्न रंगे. राखण आणि खेळ यांत भेद करणे इथे अवघड आहे. एरवी गल्लीत फार वेळ थांबण्याची मोकळीक ज्या मुलींना नव्हती, त्यांना वैशाखातले माळवद ही मोठ्यांच्या नजरेपासून काहीशी दूर, आकाशाखालची स्वतःची जागा मिळवून देत असे, आणि म्हणून या कामाचे मोल केवळ वर्षभराच्या तळणात मोजणे अपुरे ठरते. तेलुगू, कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलींची एकमेकींच्या भाषांशी पहिली ओळखही पुष्कळदा अशाच ठिकाणी झाली असावी, असे मानण्यास जागा आहे. सोलापूरच्या आजच्या बोलीत तिन्ही भाषा ज्या सहजतेने मिसळतात, ती सहजता वर्गात शिकवली जात नाही.

सणांचा भाग त्या मानाने सर्वश्रुत आहे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत चैत्रगौर झोपाळ्यात बसवली जाई, विशेषतः ब्राह्मण घरांत हळदीकुंकू होई, अंगणात चैत्रांगणाची रांगोळी रेखली जाई आणि आंब्याची डाळ, पन्हे व भिजवलेले हरभरे वाटले जात. लिंगायत घरांत अक्षय तृतीयेलाच बसवजयंती येते. पण लहान मुलींच्या दृष्टीने या दिवसांतील सर्वांत मोठा सोहळा मोगऱ्याचा होता. तेलुगूत ‘पूलजडा’ आणि कन्नडमध्ये ‘मोग्गिन जडे’ म्हणतात ती कळ्यांची वेणी घालण्याची चाल या दोन्ही भाषांच्या प्रदेशांत आहे आणि त्यांच्या सीमेवरच्या सोलापूरलाही ती परकी नाही. ओल्या फडक्यात ठेवलेल्या, न उमललेल्या कळ्या एकेक करून टाक्याने पट्टीवर बसवायच्या आणि ती पट्टी मुलीच्या वेणीवर मानेपासून टोकापर्यंत शिवायची, यात दोन-तीन तास जात. तेवढा वेळ मुलीने मान न हलवता बसायचे असे. फोटो स्टुडिओ आल्यावर मुलीला आरशाकडे पाठ करून उभी करायची आणि चेहरा व वेणी दोन्ही एकाच छायाचित्रात घ्यायची, ही पद्धत पडली. साधारण स्थितीतल्या अनेक घरांत मुलीचे लग्नाआधीचे एकमेव छायाचित्र तेवढेच असे.

त्या छायाचित्रानंतर लग्नाला फार वर्षे उरत नसत. ज्या लग्नसराईसाठी मुलगी कांड्या भरत असे, त्याच लग्नसराईत तिचेही लग्न ठरत असे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आठ ते बारा हे त्याचे रूढ वय होते. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने बारा वर्षांची मर्यादा घातली, ती लग्नाला नव्हती, शरीरसंबंधाला होती. त्यामुळे लग्न लागून मुलगी वयात येईपर्यंत माहेरीच राहण्याची जुनी पद्धत चालू राहिली. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’ने १८९९मध्ये हा प्रश्न रंगभूमीवर आणला, आणि तीस वर्षांनी हरबिलास सारडा यांच्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला मराठी माणसाने ‘शारदा कायदा’ म्हटले, तेव्हा त्या नावात दोन्ही अर्थ मिसळले होते. मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवणारा हा कायदा १ एप्रिल १९३० रोजी, म्हणजे चैत्राच्या अगदी सुरुवातीला, अमलात आला. त्याच्या आधीच्या महिन्यांत देशभर बालविवाहांची एकच घाई उडाली होती. पुढे सहा आठवड्यांत, ऐन वैशाख पौर्णिमेच्या सुमारास, १२ मे रोजी सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, आणि त्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली. त्या वैशाखाला शहराने आपल्या स्मरणात योग्य स्थान दिले आहे. त्याच चैत्रात शहरातल्या हजारो मुलींच्या आयुष्याला लागलेले वळण मात्र स्मरणात राहिले नाही, ही खंत बाळगण्यासारखी गोष्ट आहे; अर्थात हा कायदा कोणी तक्रार केली तरच हलणारा होता, त्यामुळे ते वळण फार सावकाश आले. १९४९मध्ये मर्यादा पंधरावर आणि १९७८मध्ये अठरावर नेण्यात आली.

लग्नाचे वय पुढे सरकले, तसा मधल्या वर्षांत शाळेचा शिरकाव झाला. अमेरिकन मराठी मिशनने विसाव्या शतकाच्या आरंभी सोलापुरात मुलींची शाळा आणि किंडरगार्टन चालवले होते. पुण्यात १९०९मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सेवासदनाची शाळा आणि जैन समाजातील स्त्री-शिक्षणाचे पंडिता सुमतीबाई शहा यांचे कार्य यांनी या शहरातील मुलींच्या शिक्षणाला मोठा आधार दिला. उन्हाळ्यात सकाळची शाळा, वैशाखात सुट्टी आणि पुढे १ मे रोजी हातात पडणारे प्रगतिपुस्तक, असे नवे वेळापत्रक चैत्र-वैशाखाच्या जुन्या वेळापत्रकावर चढले.

गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, तेव्हा पूर्व भागातील बायकांच्या हाताशी विडीचे काम राहिले. तेंदूची पाने रात्री भिजवायची, कात्रीने पत्र्याच्या मापावर कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायचा आणि टोके दुमडून बंद करायची. हजार विड्यांमागे मजुरी ठरते आणि टोके दुमडण्यासाठी लहान बोटे फार उपयोगी पडतात. कांडी गेली आणि विडी आली, पण सुट्टीतल्या मुलीची जागा बदलली नाही. १९६६च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने आईला काही संरक्षण दिले. १९८६च्या बालमजुरीविरोधी कायद्याने विडी वळणे मुलांसाठी निषिद्ध ठरवले, परंतु कुटुंबाच्या मदतीने चालणाऱ्या कामाला त्यातून सूट ठेवली, म्हणजे १८८१प्रमाणेच कायदा पुन्हा उंबरठ्याशी थांबला. विडी कामगार स्त्रियांच्या दीर्घ लढ्यातून शहराजवळ कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६मध्ये तिथल्या घरांच्या किल्ल्या कामगार बायकांच्या हाती आल्या. घर बाईच्या नावावर असणे ही सोलापूरच्या इतिहासातील लहान घटना नव्हे.

माळवदाच्या जागी आता सिमेंटचा स्लॅब आहे. तो रात्रीही तापलेला राहतो, पण एप्रिल-मेमध्ये त्यावर जुन्या साड्या अंथरल्या जातात आणि कुरडया पडतात. खाली जिन्याच्या सावलीत भिजवलेल्या पानांचा गठ्ठा ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेला असतो, कारण वैशाखाच्या हवेत पान वाळले की वळताना चिरते. गोणपाटावर अधूनमधून पाणी शिंपडण्याचे आणि वर जाऊन कुरडया उलटण्याचे काम बहुधा एकाच मुलीकडे असते.