दुष्काळातील शासकीय पत्रव्यवहार : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक टिपण

दुष्काळाच्या इतिहासात पर्जन्यमान, स्थलांतर व चारा छावण्या यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु एका विभागाने काढलेला कागद दुसऱ्या विभागापर्यंत कोणत्या शब्दांत पोहोचला, या प्रश्नाकडे सहसा दुर्लक्ष होते. प्रस्तुत टिपणात जालना जिल्ह्याच्या संदर्भात त्याचाच विचार केला आहे.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. १९७२ च्या दुष्काळात जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात, तर परतूर परभणी जिल्ह्यात होता. साहजिकच आज एक असलेल्या भूभागाचा पत्रव्यवहार तेव्हा दोन जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे चाले. त्यातही काम मागणाऱ्या मजुरांची जबाबदारी महसूल खात्याची. कामाची आखणी व मोजमाप मात्र बांधकाम, पाटबंधारे आणि जिल्हा परिषद यांच्याकडे. या दोन बाजूंचे कागद जुळल्याखेरीज मजुरी हातात पडत नसे.

याहून गुंतागुंतीचा प्रश्न शब्दाचा आहे. १९६३ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र अधिनियम करून राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ हा शब्द वगळला व त्या जागी ‘टंचाई’ आणली. कायदा करून दुष्काळ नाहीसा करण्याचा हा प्रकार म्हणावा लागेल! पुढे ‘सदृश’ हे शेपूट जोडले गेले. २०१५ च्या खरिपात ५० पैशांपेक्षा कमी पैसेवारीची गावे ‘दुष्काळसदृश’ ठरली. अखेर मे २०१६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेची सुनावणी चालू असताना, ‘दुष्काळसदृश’ऐवजी ‘दुष्काळ’ असे वाचण्याचे शुद्धिपत्रक काढण्याची भूमिका शासनाने घेतली. २९ हजारांहून अधिक गावांचा तो प्रश्न होता.

शब्दाला एवढे महत्त्व का, हे सवलतींच्या यादीवरून कळते. जमीन महसुलात सूट महसूल विभागाची, पीककर्जाचे पुनर्गठन सहकार विभागाचे, कृषिपंपांच्या चालू वीजबिलातील ३३.५ टक्के सवलत ऊर्जा विभागाची, टँकर पाणीपुरवठ्याचे, परीक्षा शुल्कमाफी शिक्षण विभागाची. घोषणा एका विभागाची, अंमल अनेकांचा. आदेशाच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी’ आणि ‘प्रत आवश्यक कार्यवाहीसाठी’ असे जे दोन शेरे असतात, त्यांत सारा फरक दडलेला असतो. पहिल्या शेऱ्याची प्रत बहुधा नस्तीत जाते. परीक्षा शुल्काचे उदाहरण महाविद्यालयीन अध्यापकांना सांगावयास नको. खरिपाची अंतिम पैसेवारी डिसेंबरात जाहीर होते. हिवाळी परीक्षेचे अर्ज व शुल्क तोवर भरून झालेले असते. शिक्षण विभाग, विद्यापीठ व महाविद्यालय असे टप्पे ओलांडून आदेश येतो तेव्हा माफीचे रूपांतर परताव्यात झालेले असते आणि उसनवारी करून शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्याला पुन्हा कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहावे लागते.

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर राज्याने ७ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने पर्जन्यमान, पीकस्थिती, मृदू आर्द्रता व उपग्रहीय माहितीवर आधारित निकष स्वीकारले. त्यांनुसार ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांत जालना, बदनापूर, भोकरदन, अंबड व मंठा होते. जाफराबाद, परतूर व घनसावंगी नव्हते. अवघ्या काही दिवसांनी, त्या ४० तालुक्यांबाहेरील १,०२१ महसूल मंडळांसाठी वेगळा आदेश निघाला. त्यात शब्द होता ‘दुष्काळसदृश परिस्थिती’.