चिखल तुडवणारं गाव

पावसाळ्याच्या तोंडावर जेनेमधल्या पोरांना चिखलात लोळायची मुभा मिळते. मुभा कसली, कामच ते! नदीकाठची माती, पाणी आणि भाताचं तूस खड्ड्यांत कालवून कित्येक दिवस कुजत ठेवलेलं असतं. पोरं त्यात उड्या मारतात, एकमेकांना माखतात आणि या दंग्यातच चिखल लोण्यासारखा एकजीव होतो.

जेने हे पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातलं जुनं व्यापारी गाव. बानी नदीच्या पुराने वेढलं की त्याचं बेट होतं. आसपास नुसता गाळ, बांधायला दगड नाही. त्यामुळे घरं मातीची आणि मधल्या चौकातली मोठी मशीदही मातीचीच. कच्च्या विटांची एवढी मोठी इमारत जगात दुसरी सापडणं कठीण. आत ९० जाडजूड खांब, दर्शनी बाजूला तीन मिनार आणि त्यांच्या टोकांवर शहामृगाची अंडी. भिंतींतून ताडाच्या लाकडांचे जुडगे बाहेर आलेले दिसतात. ते शोभेचे वाटतात खरे, पण गवंडी त्यांवरच पाय देऊन वर चढतात. कायमची परांचीच म्हणायची ती.

पोरांनी तुडवलेला तो चिखल या मशिदीच्या दरवर्षीच्या लिंपणासाठी. लिंपणाचा दिवस ज्येष्ठ मंडळी ठरवतात. पहाटे तरुण पोरं चिखलाच्या टोपल्या घेऊन मशिदीकडे धूम ठोकतात. कोणत्या वस्तीची टोपली आधी पोचते याची चुरस असते. पाणी आणायचं काम बायका आणि मुलींचं. वर चढलेले गवंडी ओंजळीभर चिखल भिंतीवर थापतात आणि तळहाताने सारखा करतात. गावातल्या गवंड्यांची संघटना आहे, ‘बारे तोन’ नावाची. कुठल्या घराचं काम कुठल्या गवंड्याच्या घराण्याकडे, हेही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आपल्याकडच्या बलुतेदारीची आठवण व्हावी असंच.

एवढा खटाटोप कशासाठी, ते इतिहासात दिसतं. तेराव्या शतकात कोई कोनबोरो या राजाने इस्लाम स्वीकारला, आपला वाडा पाडला आणि तिथे पहिली मशीद बांधली, असं सतराव्या शतकातल्या ‘तारीख अल्‌-सुदान’ या बखरीत नोंदलं आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात सेकू अमादू या कट्टर राज्यकर्त्याने गाव जिंकलं. जुनी मशीद त्याला फार भपकेबाज वाटे. त्याने ती तोडली नाही. डागडुजी थांबली तेवढी पुरली. १८२८ साली रने काइए हा फ्रेंच प्रवासी इथे आला, तेव्हा आत हजारो पाकोळ्यांची घरटी होती आणि लोक दुर्गंधीमुळे बाहेरच्या अंगणात नमाज पढत होते. मातीच्या इमारतीला शत्रू लागत नाही, दुर्लक्ष पुरतं.

आजची मशीद १९०७ मधली. त्या वेळी माली फ्रेंचांच्या ताब्यात होतं, पण काम गावच्याच गवंड्यांनी केलं. त्यांचा मुखिया होता इस्माइला त्राओरे. पूर्वी इथल्या विटा हाताने वळलेल्या, गोलसर असत. साच्यातली चौकोनी वीट नंतर आली आणि तिला नाव पडलं ‘तुबाबू फेरे’, म्हणजे गोऱ्यांची वीट! जेनेकरांचा हा मिश्कीलपणा.

१९८८ साली गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. कौतुक झालं, आणि घराचं रूप बदलायची चोरीही झाली. दरवर्षी लिंपायचा खर्च परवडत नाही म्हणून कुणाला भिंतीला फरशी लावावीशी वाटली, तर नियम आडवा येतो. पाहुण्यांना चित्रासारखं दिसणारं घर मालकाला महागात पडतं, ही तक्रार रास्तच आहे. शिवाय मशिदीत बाहेरच्यांचा हात गावाला सहज खपत नाही. २००६ साली दुरुस्तीआधीच्या तपासणीसाठी छत उकरायला घेतलं, तर दंगल उसळली.

मालीतल्या सशस्त्र संघर्षामुळे पर्यटक आटले आणि २०१६ मध्ये जेनेचं नाव धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेलं. लिंपण मात्र थांबलं नाही. मे २०२४ मध्येही हजारो गावकरी टोपल्या घेऊन चौकात जमले होते.