पदवीचा जमाखर्च

विद्यापीठाच्या पदवीपत्रावर विद्यार्थ्याचे नाव असते, विषय असतो, वर्ग असतो. त्या पदवीला किती रुपये पडले आणि ते कोणी दिले, याची नोंद तेथे नसते. ती नोंद घरच्या जमाखर्चाच्या वहीत असावयाची, आणि पुष्कळदा तेथेही ती सापडत नाही. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली. ती सार्वजनिक होती. तथापि कॉलेजचे दार फी भरल्यावाचून उघडत नसे. श्रीमंताला त्या फीची फिकीर नव्हती, आणि अगदी निर्धनाच्या घरी कॉलेजचा विचारही सहसा शिरत नसे. ओढाताण झाली ती मधल्या घरांची. त्यांच्यापाशी थोडे होते, पण पुरेसे नव्हते. या घरांनी पदवी कशी पेलली, हे पाहिले म्हणजे आपल्या शिक्षणाच्या इतिहासाची एक निराळी बाजू दिसू लागते.

फी ही कल्पनाच या देशात तशी नवी. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा होती. पेशवाई गेल्यावर इंग्रज अधिकाऱ्यांनी त्या निधीचा काही भाग वळवून १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. तेथे विद्यार्थी फी देत नसत. उलट त्यांनाच दरमहा वेतन मिळत असे. ही उदारता एका वर्णापुरती होती, हेही विसरता येत नाही. पुढे १८५४ च्या वुडच्या खलित्याने निराळे तत्त्व घालून दिले. फुकट मिळालेल्या विद्येची किंमत राहत नाही, म्हणून थोडी का होईना पण फी घ्यावीच, असे त्यात सांगितले होते. विद्यार्थ्याला वेतन देणारी पाठशाळा मागे पडली आणि विद्यार्थ्याकडून फी घेणारे कॉलेज पुढे आले.

या बदलाचा भार घरावर कसा पडला, याचे ठळक उदाहरण गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रात सापडते. १८७९ मध्ये त्यांचे वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडले आणि दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली. त्यांपैकी ८ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवीत. उरलेल्या ७ रुपयांत घरचा सारा प्रपंच चाले. १८८१ मध्ये गोपाळराव मॅट्रिक झाले, तेव्हा कॉलेजच्या खर्चासाठी वहिनींनी अंगावरचे दागिने विकले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांना दरमहा २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १८८४ मध्ये ते बी. ए. झाले. पदवी एकाची झाली. पण तिच्यापायी एका भावाची विद्या थांबली आणि एका स्त्रीचे स्त्रीधन गेले. अशा कितीतरी घरांचे हिशेब त्या काळी याच पद्धतीने जुळले असतील. गोखल्यांचे नाव झाले म्हणून त्यांच्या घरचा हिशेब लोकांना कळला एवढेच.

फीपेक्षाही अवघड प्रश्न असे तो परगावी राहण्याजेवण्याचा. गावचा मुलगा शहरात आला की त्याला जागा पाहिजे आणि दोन वेळचे अन्न पाहिजे. पुण्यासारख्या शहरात हा प्रश्न वार लावून आणि मधुकरी मागून सुटे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वार सात घरांत वाटले म्हणजे आठवडा पार पडे. १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने याच रूढीला संस्थेचे रूप दिले. परंतु वार आणि मधुकरी या सोयी मुख्यतः ब्राह्मण मुलांच्या वाट्याला येत. बहुजन समाजातील मुलाला त्या घरांच्या पंगतीत स्थान नव्हते. म्हणूनच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जो आश्रय दिला, त्याचे मोल फार मोठे आहे. शाळा उघडणे पुरेसे नाही, मुलाच्या ताटाचीही तरतूद झाली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

पदवीच्या खर्चाचा आणखी एक वाटेकरी होता, आणि तो म्हणजे स्वतः शिक्षक. कलकत्त्यास ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपोलिटन इन्स्टिट्यूशनला १८७२ मध्ये कॉलेजचा दर्जा मिळाला. देशी अध्यापक नेमून सरकारी मदतीवाचून, कमी फीत उच्च शिक्षण देता येते, हे तिने दाखवून दिले. १८८२ च्या हंटर कमिशननेही खाजगी संस्थांवर सरकारी संस्थांइतक्या फीची सक्ती नसावी, असे मत दिले. पुण्यात १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व पुढील वर्षी फर्ग्युसन कॉलेज उघडले. तेथील आजीव सभासदांनी दरमहा ७५ रुपयांच्या वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे व्रत घेतले. गोखले त्यांच्यापैकीच एक. ज्या घराने आठ आठ रुपये काढून त्यांना शिकवले, त्या घराने मोठ्या पगाराची अपेक्षा धरली असती तर ती गैर नव्हती. त्यांनी वकिलीची वाट सोडून अल्पवेतनी अध्यापकी पत्करली. शिक्षकाने जे सोडून दिले, त्याचा लाभ विद्यार्थ्यांच्या पालकांना झाला.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने नेमलेल्या विद्यापीठ आयोगाने कॉलेजांना किमान फीचा दर ठरवून द्यावा अशी शिफारस केली. फी वाढली तर नालायक विद्यार्थी गळतील आणि दर्जा सुधारेल, असा त्यामागील विचार होता. आयोगाचे सभासद न्यायमूर्ती गुरुदास बॅनर्जी यांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडली. फीच्या चाळणीतून गळतो तो गरीब. नालायक तेवढाच गळतो असे नाही, हा त्या काळच्या हिंदी विरोधाचा गाभा होता. देशभर टीका झाली. हा वाद तेव्हा शमला, पण त्यातला प्रश्न संपला नाही. प्रत्येक पिढीत तो नव्या भाषेत पुन्हा विचारला गेला.

या साऱ्या हिशेबात मुलीचे खाते बहुधा कोरेच असे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. परीक्षेतील त्यांच्या यशाने इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळावयास हवी होती. केवळ स्त्री म्हणून ती नाकारली गेली. इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी जमवली आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या. मध्यम घराचा पैसा मुलाच्या वाट्याला जाई, आणि मुलीसाठी फार तर दागिने केले जात. १९१६ मध्ये महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढले ते लहानसहान देणग्यांच्या बळावर. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये दिले, तेव्हा त्या प्रयत्नाला स्थैर्य आले.

स्वातंत्र्यानंतर खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला. १९४७ मध्येच कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले होते. कमवा आणि शिका या तत्त्वावर तेथील मुले श्रम करून शिकत. १९६० च्या सुमारास यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने वार्षिक १२०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फीची माफी दिली. ई. बी. सी. सवलत या नावाने ती घरोघर माहीत झाली, आणि तिच्यामुळे खेड्यापाड्यांतील पुष्कळ मुले प्रथमच कॉलेजात आली. या सवलतीबरोबर उत्पन्नाची रेषा आली. १२०० रुपये मिळविणारा रेषेच्या आत आणि १३०० मिळविणारा बाहेर. वास्तविक दोघांच्या घरांत फरक महिन्याला आठ रुपयांचा. रेषा कोठे तरी ओढावी लागतेच, परंतु मधल्या घराचे दुखणे तेव्हापासून या रेषेशी जखडले गेले. फी माफ झाली तरी परगावच्या खाणावळीचे बिल माफ होत नाही, ही जुनी अडचणही कायम राहिली. १९५५ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्था त्यासाठीच झटत आल्या.

१९६६ मध्ये कोठारी आयोगाने गरजू व लायक विद्यार्थ्यांना विद्यापीठापर्यंत विनाशुल्क शिक्षण मिळावे, अशी दिशा दाखविली होती. १९९२-९३ च्या पुन्नय्या समितीचा रोख निराळा होता. केंद्रीय विद्यापीठांनी आपल्या आवर्ती खर्चाचा काही भाग स्वतः उभारावा, आधी १५ टक्के व पुढे २५ टक्के, असे तिने सुचविले. २००१ मध्ये बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. ४ लाख रुपयांपर्यंत तारण नको आणि फेड शिक्षण संपल्यावर, ही तिची मुख्य सोय. २००९ पासून साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांना शिक्षणकाळातील व्याजात सवलत मिळू लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला व्याजाची काही सूट ठेवली आहे. त्याच वर्षी महाराष्ट्राने ठरावीक प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. वहिनींच्या दागिन्यांवर दिराची पदवी झाली त्याला तोवर एकशे चाळीस वर्षे लोटली होती.

दाता, भाऊ, शिक्षक, सरकार आणि आता कर्जाच्या रूपाने विद्यार्थ्याचे स्वतःचे भविष्य, असे या खर्चाचे वाटेकरी बदलत आले. वाटेकरी बदलला की पदवीधराचे पुढचे आयुष्यही बदलते. गोविंदरावांच्या आठ रुपयांना हप्त्याची तारीख नव्हती. म्हणून ते ऋण गोखल्यांना समाजाच्या सेवेत फेडता आले. बँकेच्या कर्जाला तारीख असते. ते कर्ज मध्यम घराला आधार देते यात शंका नाही, आणि भावाचे शिक्षण थांबवण्यापेक्षा ते शतपटीने बरे. पण ज्याच्या पहिल्या पगारातून हप्ता जावयाचा आहे, तो तरुण कमी वेतनाची शिक्षकाची नोकरी, खेड्यातील दवाखाना किंवा संशोधनाची लांबची वाट सहसा निवडू शकत नाही. फी किती असावी हे ठरविताना घराला काय परवडेल, एवढाच विचार आजवर बहुधा झाला. त्या घरातून बाहेर पडलेल्या पदवीधराला पुढे कोणते काम करणे परवडेल, याचाही विचार त्याबरोबर व्हावयास हवा.