खासबाग, पॅलेस थिएटर आणि एक अट

सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी कोल्हापूरचे शाहू महाराज १९०२ मध्ये विलायतेला गेले. त्या प्रवासात रोमचे प्राचीन रंगमंडल पाहून त्यांना खासबाग कुस्ती मैदानाची कल्पना सुचली, असे कोल्हापुरात नेहमी सांगितले जाते. मैदान तयार झाले १९१२ मध्ये. मधली दहा वर्षे पाहता, रोमची आठवण आकारापुरती धरावी. पेठापेठांतल्या तालमी आणि कुस्तीला असलेला दरबारचा आश्रय हे कारण अधिक सबळ ठरते. मधोमध लाल मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली गोल बैठक. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही डाव दिसावा, हा त्या आखणीचा हेतू.

लगेच १९१३ मध्ये शेजारी नाट्यगृहाचे काम सुरू झाले आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर खुले झाले. ही वास्तू मैदानाला पाठ लावून उभी राहिली आणि मैदानाच्या बाजूला खुले व्यासपीठ होते. सालांचा क्रम आणि ही रचना एकत्र वाचली, तर कुस्ती, नाटक आणि सभा एकाच आवारात नांदाव्यात असा बेत दिसतो. आज ज्याला मिश्र वापर म्हणतात, तो इथे शंभर वर्षांपूर्वीच आखलेला होता. फरक एवढाच की खर्चाचा भार दरबारने उचलला होता.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि तो आश्रयदाता गेला. १९५७ मध्ये नाट्यगृहाला गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. पुढे वास्तू महापालिकेकडे आली आणि निगा अंदाजपत्रकातल्या तरतुदीवर अवलंबून राहिली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली. छप्पर, रंगमंच आणि खुर्च्या गेल्या, दर्शनी दगडी भाग वाचला. दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती.

कोल्हापुरातल्याच जयप्रभा या चित्रपट स्टुडिओची कथा नाट्यगृहाच्या उलट आहे. १९३३ मध्ये कोल्हापूर सिनेटोन म्हणून सुरू झालेली ही जागा चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांकडे आली. गांधीहत्येनंतर १९४८ च्या जाळपोळीत स्टुडिओ भस्मसात झाला, भालजींनी तो पुन्हा उभारला. पुढे मालकी लता मंगेशकरांकडे गेली. जमीन चित्रपटासाठीच वापरावी, ही जुनी अट वादाच्या केंद्रस्थानी राहिली. विक्रीच्या हालचालींवरून २०१२ मध्ये आंदोलन झाले, प्रकरण न्यायालयात गेले. २०२० मध्ये झालेला विक्रीव्यवहार फेब्रुवारी २०२२ मध्ये उघड झाला, तेव्हा कलावंत पुन्हा रस्त्यावर उतरले.

दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली की अडचण स्पष्ट होते. नाट्यगृहाला सार्वजनिक मालक मिळाला, पण स्वतःचे पुरेसे उत्पन्न नाही. स्टुडिओला वापराची अट होती, पण ती पाळण्याचा खर्च कोणी करायचा हे अटीत नव्हते. नुसत्या अटीने जागा अडकून पडते आणि नुसत्या उत्पन्नाच्या मागे लागले की नाटक, कुस्ती, चित्रीकरण आवाराच्या कोपऱ्यात ढकलले जाते. दुकाने, उपाहारगृहे, वाहनतळ यांना हरकत नसावी. मात्र त्यांच्या भाड्यातला किती वाटा रंगमंचाच्या निगेला जाईल आणि वर्षाचे किती दिवस जागा कलेसाठी राखीव राहतील, हे आधी करारात लिहिले पाहिजे. दरबार जे काम आश्रयाने करीत होता, ते आता याच दोन कलमांनी करावे लागेल.