काशीदच्या किनाऱ्यावर ब्लूटूथ हेडसेट का तुटतो, कधी बिघडतो आणि कानातून कधी काढावा?

शनिवारी सकाळी मुंबईहून किंवा पुण्याहून निघालेली बाईक दुपारपर्यंत काशीदला पोहोचते. सुरूच्या झाडांखाली गाडी लागते, बुटांत वाळू जाते आणि कानातलं गाणं तुटायला लागतं. घरात दुसऱ्या खोलीत गेलं तरी न तुटणारा हेडसेट इथे फोन खिशात असतानाही अडखळतो. बहुतेक जण कंपनीला नावं ठेवतात. पण खरं कारण वेगळंच आहे.

काशीद हे रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातलं गाव, अलिबागपासून साधारण ३० किलोमीटरवर. किनारा सुमारे ३ किलोमीटर लांब आणि पूर्ण मोकळा. हा मोकळेपणाच ब्लूटूथला नडतो.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतं. नेहमीचा हेडसेट एकाच वाहिनीवर थांबत नाही. ७९ वाहिन्यांमध्ये सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतो, म्हणजे शेजारच्या वायफायची गर्दी चुकवता येते. पण या लहरींना एक गोष्ट अजिबात सोसत नाही, ती म्हणजे पाणी. आणि माणसाचं शरीर म्हणजे बव्हंशी पाणीच. फोन पँटच्या उजव्या मागच्या खिशात आणि सिग्नल घेणारा बड डाव्या कानात असला, की मध्ये अख्खं शरीर आडवं येतं. घरात हे जाणवत नाही, कारण लहरी भिंतींवर, छतावर आपटून वळसा घालून कानापर्यंत येतात. काशीदला भिंत नाही, छत नाही. समोर अरबी समुद्र, वर आकाश. लहरी गेल्या की गेल्या.

उपाय सोपा आहे. फोन शर्टाच्या खिशात किंवा छातीवरच्या छोट्या पिशवीत ठेवायचा, किंवा निदान त्याच बाजूच्या खिशात. नेकबँड वापरणाऱ्यांना हा त्रास बराच कमी होतो.

समुद्रात तर प्रश्नच मिटतो. खाऱ्या पाण्यात या लहरी काही सेंटीमीटरमध्येच विरून जातात. म्हणूनच पोहणाऱ्यांसाठीच्या हेडसेटमध्ये गाणी आतच साठवायची सोय दिलेली असते.

पाण्यात चालतो म्हणजे नेमकं काय?

डब्यावर आयपीएक्स४ किंवा आयपीएक्स७ लिहिलेलं असतं आणि दुकानदार 'वॉटरप्रूफ आहे' म्हणून मोकळा होतो. आयपीएक्स४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे आणि घाम. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. पण ही चाचणी होते साध्या, गोड्या पाण्यात, नव्या वस्तूवर. समुद्राचं पाणी तिथे कुणी ओतत नाही. आणि मधला 'एक्स' बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ती जागा धुळीसाठीच्या आकड्याची. तिथे एक्स असेल तर धुळीच्या संरक्षणाचा दर्जा दिलेलाच नाही. म्हणजे किनाऱ्यावर ज्या दोन गोष्टी मुबलक आहेत, मीठ आणि वाळू, त्यांच्याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही.

शिवाय हा दर्जा अनेकदा फक्त कानातल्या बडचा असतो, चार्जिंगच्या डबीचा नाही. डबीतल्या धातूच्या टोकांवर खारं पाणी असताना वीज वाहिली की गंज भराभर चढतो. त्यामुळे लाटेत भिजलेला बड पुसून तसाच डबीत टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आधी गोड्या पाण्यात किंचित ओलावलेल्या कापडाने मीठ पुसायचं, मग कोरड्या कापडाने, मग सावलीत वाऱ्यावर काही तास ठेवायचं, आणि पूर्ण सुकल्यावरच डबीत. तांदळाच्या डब्यात ठेवायचा घरगुती उपाय इथे नको. तांदळाचा भुसा जाळीत अडकतो आणि मीठ जिथल्या तिथे राहतं.

वाळूचं आणखी एक आहे. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं, डबीच्या झाकणातही असतं. कोकणच्या वाळूत बेसॉल्ट खडकातून आलेले काळे, लोहयुक्त कण मिसळलेले असतात. ते अलगद येऊन जाळीला चिकटतात आणि फुंकून निघत नाहीत. पिनेने उकरण्यापेक्षा चिकटपट्टी हलकेच दाबून उचलावेत.

शिट्टी ऐकू येत नाही, ती का?

इथून पुढचं मात्र मजेचं नाही. काशीदच्या समुद्राला ओढ आहे, आणि मुरूडच्या किनारपट्टीवर पर्यटक बुडाल्याच्या घटना अनेकदा झाल्या आहेत. पाण्यात पुढे गेलेल्या माणसाला मागे बोलवायचं साधन म्हणजे हाका आणि शिट्टी.

आवाज बंद करणारं तंत्र, ज्याला सगळे नॉइज कॅन्सलेशन म्हणतात, ते खालच्या पट्टीतला एकसारखा आवाज छान मारतं. उदाहरणार्थ इंजिनाची घरघर, लाटांची गाज. शिट्टीसारखा तीव्र आवाज ते फारसं मारत नाही. तो अडवतं ते कानात घट्ट बसलेलं सिलिकॉनचं बोंडूक. म्हणजे गाणं बंद, मशीन बंद, तरी नुसतं कानात असलं तरी शिट्टी मंद होते. त्यात गाणं चालू असेल तर बोलायलाच नको. पाण्याजवळ जाताना दोन्ही कान मोकळे हवेत, आणि मुलांवर लक्ष ठेवणाऱ्याचे तर हवेतच.

रस्त्याचंही तसंच. रेवदंड्याचा पूल ओलांडल्यावर कोर्लई, बोर्लीकडून काशीदकडे येणारा रस्ता वळणांचा आहे. मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न आणि इंजिनाचा आवाज हीच तिथली सूचना. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहन चालवताना हातात धरायचं संपर्काचं साधन वापरणं धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'हातात धरायचं' हा शब्द वाचून अनेकांना ब्लूटूथ म्हणजे पळवाट वाटते. पण त्याच कलमात, सावध चालकाकडून अपेक्षित असलेल्या दर्जाहून फारच खाली जाणारं आणि धोका उघड दिसत असलेलं चालवणंही येतं. हेल्मेटमध्ये वाऱ्याचा आवाज वाढतो तसा अंगठा आवाज वाढवतो, हे वेगळंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल फक्त ४ तास.

किनाऱ्यावर फोन घ्यायचाच असेल तर वाऱ्याकडे पाठ करावी. वारा थेट माइकवर आदळला की पलीकडच्याला नुसता फडफडाट ऐकू येतो. कॉल सुरू होताच गाण्याचा दर्जा एकदम पडतो, तोही बिघाड नाही. दोन्ही बाजूंचा आवाज एकाच वेळी न्यायचा म्हणून हेडसेट हलक्या दर्जाच्या जोडणीवर जातो.

पावसाळ्यात कोकणच्या दमट हवेत ओल्या कानात तासन्‌तास बोंडूक ठेवलं तर कानात बुरशी धरते. खाज सुटली, कान दडे बसल्यासारखा वाटला, तर तेल न घालता डॉक्टरांना दाखवावं.

आणि एक बड वाळूत पडलाच, तर आधी जागचं हलू नये. फोनवरून त्यात आवाज वाजवायची सोय असेल तर ती तो डबीबाहेर, चार्ज असलेला आणि फोनच्या टप्प्यात असतानाच चालते. ओली वाळू सिग्नल खाते, त्यामुळे बड गाडला गेला असेल तर फोन जमिनीलगत धरून थोडं थोडं पुढे सरकावं. भरती चढत असेल तर पाण्याच्या बाजूने शोधायला सुरुवात करावी, सुरूच्या बनाकडची कोरडी वाळू नंतरही शोधता येते.