चॅथमचा धक्का

नोकरीनिमित्त पोर्ट ब्लेअरला आलो, तेव्हा पहिल्याच रविवारी सेल्युलर जेल पाहून आलो. मराठी माणूस अंदमानात शिरतो तो बहुधा याच दारातून. सावरकरांना १९११ साली येथे आणले, एवढे शाळेपासून ठाऊक असते आणि ‘काळे पाणी’ हा शब्द तेवढ्यावरच पुरा होतो.

चॅथमची ओळख नंतर झाली, तीही नाइलाजाने. माझे काम खाडीपलीकडे, बांबू फ्लॅटला. रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो, म्हणून रोज चॅथमच्या धक्क्यावरून बोट धरायची. चॅथम हे खरे तर इवलेसे बेट; पोर्ट ब्लेअरला पुलाने जोडलेले, त्यामुळे बेटावर आलो हे लक्षातही येत नाही. धक्क्यावर स्कूटरींची रांग, भाजीच्या पाट्या, मासळीचे डबे, गणवेशातली मुले. शेजारच्या लाकूड गिरणीतून येणारा पडौकच्या भुशाचा वास. पाहण्यासारखे काही नाही, असे मी दोन महिने समजत होतो.

पण या बेटांच्या लिखित इतिहासाचे पहिले पान येथेच उघडते. आर्चिबाल्ड ब्लेअरने १७८९ साली कंपनीची वसाहत मांडली ती चॅथमवर. तीन वर्षांनी ती उत्तरेकडे हलवली आणि रोगराईपुढे हात टेकून १७९६ साली मोडली. उठावानंतर, १० मार्च १८५८ रोजी, डॉ. वॉकर दोनशे कैदी घेऊन आला. त्यानेही कामाला सुरुवात केली ती चॅथमपासून. पाणी पुरेना म्हणून ठाणे रॉस बेटावर नेले. रान तोडणे कैद्यांच्या नशिबी आले. हीच जमीन पुढे ब्रह्मदेशाला जाऊन मिळते, अशा समजुतीने कित्येक जण रानात पळाले. परत सापडलेल्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने फासावर चढवले. ते रानही रिकामे नव्हते. ज्यांचे ते होते त्या अंदमानी लोकांनी मे १८५९ मध्ये ॲबर्डीनच्या वसाहतीवर हल्ला केला. बंदुकांपुढे त्यांचा निभाव लागला नाही. लाकूड गिरणी १८८३ सालची. १९४२ च्या मार्चमध्ये तिच्या आवारात जपानी बॉम्ब पडला, त्याचा खड्डा अजून राखून ठेवला आहे.

हे सगळे वाचल्यावर धक्क्यावर उभे राहणे अवघड झाले. येथे आपल्याला बरे वाटते, हेच चुकीचे वाटू लागले.

एके दिवशी बोटीत शेजारी एक आजी बसल्या होत्या. मांडीवर केळ्यांची फणी. आपल्या सवयीने मी विचारले, “आप मूल कहाँ की हैं?” त्या हसून म्हणाल्या, “यहीं की.” मी पुन्हा विचारले, “मतलब, उससे पहले?” त्यांनी समोरच्या डोंगराकडे पाहिले आणि म्हणाल्या, “उससे पहले का कौन पूछता है यहाँ, बेटा?”

शिक्षेची काही वर्षे भरल्यावर कैद्यांना शेती करण्याची, घर मांडण्याची मुभा मिळे. स्त्री-कैद्यांशी लग्ने लागत; प्रांत, जात, भाषा यांची गाठ तेथे सुटत असे. त्यांच्या वंशजांना येथे ‘लोकल बॉर्न’ म्हणतात आणि त्यांनी घडवलेली हिंदुस्तानी आज साऱ्या बाजाराची भाषा आहे. मूळ गाव विचारणे ही माझ्यासाठी आपुलकी होती. आजींच्या घराण्यात कदाचित तो प्रश्न न विचारणे हीच आपुलकी ठरली असेल. मी पुढे काही विचारले नाही. उतरताना त्यांनी दोन केळी हातावर ठेवली.

तेव्हापासून संध्याकाळी मी मुद्दाम थोडा लवकर धक्क्यावर येतो. ऊन उतरले की खाडीचे पाणी पितळेसारखे दिसते, पण माझे लक्ष माणसांकडे असते. परवा एक मुलगा दप्तर सांभाळत धावत आला आणि बोट त्याच्या डोळ्यांदेखत सुटली. तो रडवेला झाला. दोर गुंडाळणारा खलाशी त्याला म्हणाला, “अरे, यही वापस आएगी.”

ज्या पाण्यावरून परत येणे नाही म्हणून त्याला काळे म्हटले, त्याच पाण्यावर ही बोट दिवसभर जाते आणि येते. मुलगा पायरीवर बसून वाट पाहू लागला. मीही बसलो.