दवाखान्यातली सोबत : हिंगोली जिल्ह्यातील एका रीतीचा इतिहास

आजारी माणूस दवाखान्यात भरती झाला की घरचे कोणीतरी त्याच्याजवळ थांबते. ‘पेशंटजवळ कोण आहे?’ हा वॉर्डातला पहिला प्रश्न असतो आणि त्याला उत्तर देणारे माणूस म्हणजे सोबत. नवरा-बायकोपैकी एकाच्या जिवावर बेतले, तर हा भार साहजिकच दुसऱ्यावर येतो. दवाखान्याच्या कागदपत्रांत या माणसाची नोंद फार तर संमतिपत्रावरच्या सहीपुरती असते. तरीही हिंगोली जिल्ह्यातील आरोग्यसेवेचा इतिहास त्याच्या थांबण्यातून, वाट पाहण्यातून आणि धावपळीतून नीट उलगडतो.

दवाखाने येण्याआधी उपचार घरातच होत. वैद्य किंवा हकीम घरी येई आणि आजाऱ्याची बाज ओसरीवर नाहीतर माजघरात टाकलेली असे. काढा उकळणे, अंग शेकणे, पथ्याची पेज भरवणे आणि रात्री उशाशी जागणे ही कामे घरातली माणसेच करीत. हाताला काम असल्यामुळे नुसते वाट पाहत बसण्याची वेळ क्वचितच येई. दुखणे हाताबाहेर गेले की औंढ्याच्या नागनाथाला किंवा कुलदैवताला नवस बोलला जाई. तो फेडायला पुढे नवरा-बायको जोडीने जात.

हिंगोली शहरात दवाखाना आला तो छावणीबरोबर. निजामाच्या राज्यात, वऱ्हाडच्या सीमेजवळ असलेले हे गाव हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे ठाणे होते. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही शहरातल्या भागांची नावे त्या काळाची खूण म्हणून आजही टिकून आहेत. छावणीत माणसांसाठी दवाखाना होता, तसा जनावरांसाठीही होता. फौजी दवाखाना मुख्यतः शिपायांसाठी असे. हिंदी पलटणींच्या अशा दवाखान्यांत आजाऱ्याच्या सेवेला पलटणीतलीच माणसे नेमली जात, त्यामुळे घरच्या माणसाने थांबण्याची गरज तिथे कमी होती. 1903 मध्ये कंटिंजंटची फौज हिंगोलीतून उठली आणि छावणीचा काळ संपला.

सामान्य रयतेच्या वाट्याला आला तो सरकारी दवाखाना. मोठ्या उपचारासाठी त्या काळी राजधानीकडे पाहावे लागे. तिथे मुसी नदीच्या काठी उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत 1925 मध्ये पूर्ण झाली, पण हिंगोलीहून हैदराबाद तीनशे किलोमीटरहून दूर. 1912 मध्ये पूर्णा-हिंगोली रेल्वेमार्ग सुरू झाला आणि हिंगोली गाव मनमाड-हैदराबाद मार्गाला जोडले गेले. तरी आसपासच्या खेड्यांतून स्टेशनापर्यंत बैलगाडीच होती. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की आजाऱ्याला बाजेवर घालून चौघांनी खांद्यावर आणायचे, हाच मार्ग उरे. बाजेमागून चालत येणारी बायको किंवा नवरा हीच पुढे दवाखान्यातली सोबत होई.

युरोपात 1853 ते 1856 च्या क्रिमियन युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या कामामुळे प्रशिक्षित परिचारिकांची व्यवस्था वाढली आणि आजाऱ्याची शुश्रूषा हळूहळू नातेवाइकांकडून रुग्णालयाकडे गेली. भारतात तसे घडले नाही. जातीचे सोवळे आणि पडदा यांमुळे परक्या हातचे अन्न व स्पर्श अनेकांना चालत नसे, म्हणून जेवणाचा डबा घरून येई. त्याहून मोठे कारण मनुष्यबळाचे होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील आरोग्यस्थितीचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने 1946 मध्ये नोंदवले की सुमारे 6,300 लोकांमागे एक डॉक्टर आणि 43,000 लोकांमागे एक परिचारिका आहे, तर हजार लोकांमागे पाव खाटसुद्धा नाही. हैदराबाद संस्थान या आकड्यांत नव्हते, पण देशभरच्या टंचाईचा अंदाज त्यांवरून येतो. परिचारिकेची पोकळी घरच्या माणसाने भरून काढली आणि अडचणीपोटी सुरू झालेली सोय पुढे रीत होऊन बसली.

17 सप्टेंबर 1948 रोजी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. 1956 मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 पासून महाराष्ट्रात आहे. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. 1956 मध्ये औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचे रुग्णालय ‘घाटी’ या नावाने साऱ्या मराठवाड्याला ठाऊक आहे, पण ते हिंगोलीपासून दोनशे किलोमीटरहून दूर. 1988 मध्ये नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि हे अंतर निम्म्याहून कमी झाले. तेव्हापासून ‘नांदेडला हलवा’ हे शब्द हिंगोलीकडच्या घरांत धसका बसवणारे ठरले. तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून नांदेडला ‘रेफर’ होताना रुग्णाबरोबर फाइल जाते आणि ती ज्या पिशवीत असते ती पिशवी सोबतीच्या हातात असते.

सोबतीचे काम नुसते बसून राहण्याचे नाही. केसपेपर काढणे, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचवणे, चिठ्ठी घेऊन मेडिकलवर जाणे, रक्तपेढीतून पिशवी आणणे, सलाईन संपत आली की सिस्टरला हाक मारणे, रुग्णाला कुशीवर वळवणे आणि शस्त्रक्रियेआधी संमतिपत्रावर सही करणे, ही सगळी कामे त्याच्याकडे येतात. नवरा आजारी असला तर बायको रात्री खाटेशेजारी जमिनीवर चटई टाकून झोपते. बायको आजारी असली तर महिला वॉर्डात पुरुषाला रात्री थांबता येत नसल्याने आत सासू, आई किंवा बहीण राहते आणि नवरा आवारातल्या झाडाखाली रात्र काढतो. इकडे घरी लेकरे व जनावरे शेजाऱ्यांवर सोडलेली असतात, आणि मजुरी करणाऱ्याचा रोजही बुडतो.

अतिदक्षता विभाग आल्यावर या रीतीचे रूप बदलले. आत रुग्ण आणि बाहेर नातेवाईक, मध्ये बंद दार. संसर्ग टाळण्यासाठी भेटीच्या वेळा ठरलेल्या असतात. घरच्या माणसाच्या हातचे काम इथे थांबते आणि नुसती वाट पाहणे उरते. ही वाट कित्येकदा उपचाराचाच भाग असते. छातीत दुखू लागलेल्या माणसाचा पहिला कार्डिओग्राम स्वच्छ आला तरी तो पुन्हा काढावा लागतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिन काही तासांनी पुन्हा तपासतात, कारण ते लगेच वाढत नाही. बाहेर बसलेल्या जोडीदाराला हे कारण कोणी सांगितले तर तेच तास सोसायला हलके जातात.

सोबतीच्या माणसाला छप्पर आणि अन्न हवे, हे गाडगे महाराजांनी फार आधी ओळखले होते. 1954 मध्ये त्यांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभारली. सरकारी योजनांतून ही बाजू सावकाश पुढे आली. 2011 च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने बाळंतिणीचे औषध, जेवण व वाहन मोफत केले. राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 मध्ये नांदेडसह आठ जिल्ह्यांत आणि पुढच्या वर्षी राज्यभर सुरू झाली. आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ती हीच. तिच्या ‘आरोग्यमित्रा’मुळे कागदपत्रांसाठी वाट पुसायला एक माणूस मिळाला. 2014 मध्ये 108 क्रमांकाच्या 937 रुग्णवाहिका राज्यात धावू लागल्या. 2020 मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली.

त्याच वर्षी कोरोनाने सोबतीची रीतच मोडली. शतकभर वॉर्डात थांबलेल्या घरच्या माणसाला फाटकाबाहेर राहावे लागले. खबर फोनवर येई, डबा दारात ठेवून परतावे लागे. 2021 च्या लाटेत महाराष्ट्रभर नातेवाईक रेमडेसिविर इंजेक्शनसाठी वणवण फिरले. जवळ कोणी नसल्याने रुग्ण खचतो, हे तेव्हा साऱ्यांनीच पाहिले.

त्याआधीच, 1 मे 1999 रोजी, परभणीतून हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे पाच तालुके घेऊन स्वतंत्र हिंगोली जिल्हा झाला आणि पुढे शहरात जिल्हा रुग्णालय आले. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 11,77,345 होती आणि तिचा फार मोठा भाग खेड्यांत राहणारा. 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत हिंगोलीचेही आहे. तज्ज्ञ उपचार जसे इथे वाढतील तशी नांदेडची वाट कमी होईल, आणि जोडीदाराला दुपारी घरी जाऊन, लेकरांना पाहून, डबा घेऊन संध्याकाळी परतता येईल. रुग्णालये मात्र आजही मंजूर खाटांनी मोजली जातात आणि प्रत्येक खाटेशेजारी चटईवर झोपणारे दुसरे माणूस त्या हिशेबात धरले जात नाही. त्याच्यासाठी निवारा, स्वच्छतागृह आणि दोन शब्दांची माहिती धरूनच दवाखान्याचा आराखडा झाला पाहिजे.